डाळीच्या पुरचुंडीवरचा कॅमेरा

लग्नाला पंधरा दिवस उरले आणि रंगरावांच्या घरात तंटा पेटला तो फोटोवरून. मुलगा प्रेम म्हणत होता, मांडवाच्या दारात फलकावर लावायला त्याचा आणि अनुपमाचा एक तरी चांगला फोटो हवा, त्यासाठी मलकापूरचा फोटोग्राफर बोलवू. रंगराव म्हणजे वरवट बकालमधलं काटकसरीचं विद्यापीठ. चहाची पत्ती दुसऱ्यांदा उकळायला लावायचे आणि ते पाहुण्यांपासून लपवायचेही नाहीत.

"लोकं मांडवात येतीनच ना? तिथंच पाहून घेतीन नवरदेवाले," ते म्हणाले. "लग्न म्हंजे काय? चार माणसं अन् एक अंतरपाट. वावरात बी लागते."

हे वाक्य त्यांनी महिनाभरात पानटपरीवर, सोसायटीत आणि न्हाव्याच्या दुकानात इतक्यांदा म्हटलं होतं, की गावाला ते पाठ झालं होतं.

पुष्पाबाई एरवी असल्या वादात पडत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी भाकर तव्यावरच राहू दिली.

"माह्या लग्नाचा एक बी फोटो नाई या घरात," त्या म्हणाल्या. "सुनेचा तरी पाहिजे."

रंगराव छताकडे पाहू लागले. त्यांच्या लग्नात खामगावचा फोटोग्राफर त्यांनी स्वतः ठरवला होता, सगळ्यात स्वस्त होता म्हणून. त्यानं दिवसभर फ्लॅश मारले. हळदीला मारले, सप्तपदीला मारले, पंगतीत आग्रहाच्या जिलबीलाही मारले. पुष्पाबाई प्रत्येक फ्लॅशला पदर सारखा करून उभ्या राहिल्या होत्या. पुढं चार महिन्यांनी कळलं, कॅमेऱ्यात रोलच नव्हता. त्याला बत्तीस वर्षं झाली. पुष्पाबाईंनी तो विषय नंतर कधी काढला नव्हता आणि रंगरावांना तेच जास्त लागत होतं.

कोंडी फोडली ती प्रेमच्या चुलतभावानं, हर्षलनं. त्यानं मोबाईलवर फोटो काढायला शिकवणारे इतके व्हिडिओ पाहिले होते, की आता फक्त फोटो काढायचंच बाकी राहिलं होतं.

"महागडा कॅमेरा लागतच नाई काका. डोकं लागते," तो म्हणाला. "माह्या मोबाईलवर असा फोटो काढतो, का मलकापूरवाला पाहात राहीन."

पुतण्याचं कुठलंच वाक्य रंगरावांना आजवर इतकं आवडलं नव्हतं.

हर्षलनं सामान सांगितलं आणि पुष्पाबाई एकेक काढून देऊ लागल्या. मोबाईल स्थिर ठेवायला तीन विटा आणि वर तूरडाळीची पुरचुंडी, कारण डाळीत मोबाईल रुतून बसतो आणि हलत नाही. चेहऱ्यावर उजेड फेकायला पांढरी चादर. अनुपमाचा पदर उडवायला सूप. आणि सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास, जो रंगरावांच्या मते सगळ्यात चांगला होता, कारण तो फुकट होता.

अनुपमा तेव्हा गावातच मामाकडे राहायला आली होती. तिचे मामा शालिग्राम यांनीच ही सोयरीक जुळवली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पुष्पाबाई मामींना सांगून तिला वावरात घेऊन आल्या. हरभऱ्याच्या हिरव्या रानात उठून दिसावी म्हणून हर्षलनं तिला पिवळी साडी नेसायला लावली होती, आणि प्रेमला पांढरा सदरा आणि टोपी. पिवळ्या साडीतली मुलगी आणि टोपीतला मुलगा समोरासमोर उभे केले, तर गावाला काय वाटेल, याचा कोणत्याच व्हिडिओत उल्लेख नव्हता.

"काका, तुम्ही चादरीचं हे टोक धरा. काकू, तुम्ही ते. उन्हाकडे तोंड करा म्हंजे उजेड या दोघायवर पडीन."

"मी फोटोत येऊन राह्यलो का?" रंगरावांनी विचारलं.

"नाई, तुम्ही बाजूले हा."

"मंग बरं हाय."

हर्षलनं मोबाईल पुरचुंडीवर ठेवला आणि दर पाच सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी सोय केली. मग तो सूप घेऊन अनुपमाच्या मागे गेला आणि वारा घालू लागला.

"आता कोनी बी मोबाईलकडे पाहाचं नाई. पाहालं का फोटो खोटा दिसते," त्यानं बजावलं. चौघांनी ते इतकं मनावर घेतलं, की पुढची दहा मिनिटं कुणी तिकडे मान वळवली नाही.

पाहिलं असतं तर पुष्पाबाईंची बकरी दिसली असती. ती रोज त्यांच्यामागं वावरात यायची. तिनं विटांपाशी जाऊन पुरचुंडीचं टोक चघळायला घेतलं होतं. डाळ गळत होती, पुरचुंडी बसत होती आणि मोबाईल अंगुळभर अंगुळभर वळत चालला होता.

त्याच वेळी रस्त्यावरून जनकाबाई कापूस वेचायला निघाली होती. तिनं वावरात पाहिलं, तर पिवळ्या साडीतली नवरी, टोपी घातलेला नवरदेव, एकजण सूप हलवतोय, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला बरोबर दोघांच्या मधोमध दिसेल असा पांढरा अंतरपाट. तो धरला होता खुद्द रंगरावांनी, म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

"बाई व, खरंच वावरात लावून राह्यला हा मानूस लग्न," ती म्हणाली. कापूस तिथंच राहिला. ती तडक मागं फिरली आणि शालिग्रामच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

शालिग्राम दाढी करत होते. अर्धी झाली होती.

"भाऊ, तुमच्या भाचीचं लग्न लागून राह्यलं अन् तुम्ही इथं काय करता?"

भाचीच्या मागे मामा उभा राहिल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. शालिग्रामनी त्यासाठी फेटा आणून ठेवला होता आणि रोज रात्री बायकोला बांधून दाखवत होते. मामी मागून ओरडून सांगत होत्या, की ती फोटोले गेली हाय, पण ऐकायला शालिग्राम अंगणात होते कुठे? गालावर फेस, खांद्यावर टॉवेल, हातात वस्तरा, असे ते निघाले. वाटेत ज्यानं ज्यानं काय झालं म्हणून विचारलं, तो तो मागं लागला. बँडवाला हिंमतराव तर पिपाणी घेऊनच आला. सुपारी त्याला दिलेली असताना लग्न मुकं लागतंय, हा त्याचा अपमान होता.

वावराच्या कडेला, धुऱ्यावर तीस-चाळीस माणसं पाहून रंगरावांच्या हातातली चादर सुटली.

"लग्न लागलं का?" शालिग्रामनी विचारलं.

"कोनाचं?" रंगराव म्हणाले.

"फोटोच्या नावानं पोट्टी आनली अन् खर्च वाचवाले अंतरपाट धरला? मले नाई बोलावलं भाऊ? मी सोयरीक जुळवली तुमची."

"अंतरपाट नाई मामा, तो रिफ्लेक्टर हाय," हर्षल सूप छातीशी धरून म्हणाला.

"रिफ्लेक्टर ट्रॅक्टरले असते बे."

अनुपमा पुढं झाली. "मामा, खरंच फोटोच काढून राह्यलो होतो. तुमच्याबिगर मी उभी तरी राहीन का?"

"मंग दाखव फोटो," शालिग्राम म्हणाले. "फोटोत काय ते दिसनच. नाई दिसलं, तं हे लग्न मोडलं समजा."

सगळं आता त्या मोबाईलवर येऊन ठेपलं. हर्षल धावत विटांकडे गेला. पुरचुंडी रिकामी होती आणि बकरी शांतपणे रवंथ करत होती. त्यानं मोबाईल उचलला, पाहिलं आणि त्याचं तोंड हरभऱ्यासारखं हिरवं झालं. शालिग्रामनी तो त्याच्या हातातून ओढून घेतला.

पहिल्या फोटोत बकरीचा कान होता. दुसऱ्यात अर्धा प्रेम. तिसऱ्यापासून पुढं प्रेम आणि अनुपमा कुठंच नव्हते. होते ते रंगराव आणि पुष्पाबाई, कारण उगवतीकडे तोंड करून तेच उभे होते. कोवळं ऊन दोघांच्या चेहऱ्यावर असं आलं होतं, की पुष्पाबाईंची नथही चमकत होती. एका फोटोत त्या चादरीचं टोक दातात धरून पदर खोचत होत्या. एकात रंगराव त्यांना काहीतरी ऐकवत होते आणि त्या खळखळून हसत होत्या. एकात रंगराव हात लांब करून त्यांच्या केसातली काडी काढत होते, आणि दोघांच्या मधे पांढरीशुभ्र चादर ताठ उभी होती.

शालिग्रामनी एकेक फोटो सावकाश पाहिला. गालावरचा फेस वाळून गेला होता.

"भाऊ," ते शेवटी रंगरावांना म्हणाले, "इथं तं तुमचंच लग्न लागून राह्यलं."

धुऱ्यावरची माणसं अशी हसली, की बकरीही दचकली. हिंमतरावनं राग विसरून पिपाणी वाजवली. पुष्पाबाईंनी हात लुगड्याला पुसले आणि मोबाईल दोन्ही हातांनी धरला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"हर्षल," त्यांनी हळूच विचारलं, "याच्यात रोल हाय ना बापा?"

"याच्यात रोल नसते काकू."

पुष्पाबाईंचा चेहरा उतरला. बत्तीस वर्षांनी पुन्हा तेच. अनुपमा झटकन त्यांच्याजवळ गेली.

"रोल नसला तरी फोटो हाय, आई. आता कुठं जात नाई तो. फलकावर पयला हाच लावू."

ती त्यांना पहिल्यांदाच आई म्हणाली होती. पुष्पाबाईंना आता डोळे पुसू की फोटो पाहू, असं झालं. रंगरावांनी चादरीची घडी घालायला घेतली आणि ती चारदा चुकवली.

"मोठा बनवजो बे," ते हर्षलला म्हणाले. "कंजुसी करू नको."

सूर्य अजून फार वर आला नव्हता. शालिग्रामनी टॉवेलचाच फेटा बांधला आणि ते अनुपमाच्या मागे ताठ उभे राहिले. रंगराव आणि पुष्पाबाईंनी पुन्हा चादर धरली. जनकाबाईनं ओच्यातले हरभऱ्याचे घाटे टाकून पुरचुंडी भरली. हर्षल मोबाईल ठेवायला वाकला, तोच बकरी पुन्हा विटांकडे येताना दिसली आणि तो दोरी घेऊन तिच्यामागं धावला.

"बांधू नको तिले," रंगराव ओरडले. "एवढ्या लोकायत फोटो काढता येते ते तिलेच."