आगाऊ आभार

घराच्या फाटकासमोरच्या खड्ड्यात पाय मुरगळून मास्तरीणबाईंनी अंथरूण धरलं, तेव्हा मास्तरांनी नगरसेवकांशी संपर्क साधायचं ठरवलं. कसा साधायचा, हे ठरवण्यात आठवडा गेला. फोनवरचं तोंडीच राहतं, मेल कोणी उघडत नाही आणि समक्ष गेलं तर ताटकळत बसावं लागतं.

"रोज इथूनच गाडीतून जातात की! गच्चीतून हाक मारा," बाई म्हणाल्या.

"हाक मारायला ते काय भाजीवाले आहेत? सगळं रीतसर व्हायला हवं."

मास्तरांनी तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं होतं. त्यांनी चार पानी अर्ज लिहिला. खड्ड्याची खोली, बाईंचा घोटा, सगळं त्यात आलं. शेवटी नियमाप्रमाणे लिहिलं, "खड्डा बुजवल्याबद्दल आपले आगाऊ आभार."

नगरसेवकांचे सहायक मोठे वाचनप्रेमी. कुठल्याही अर्जाची शेवटची ओळ ते आवर्जून वाचत.

तिसऱ्या दिवशी फाटकासमोर हात जोडलेल्या नगरसेवकांचा भला मोठा फलक उभा राहिला. 'खड्डा बुजवल्याबद्दल आपले आभार! – मास्तर.' फलकाच्या बांबूंसाठी दोन नवे खड्डे खणले होते.

मास्तर तणतणत कार्यालयात गेले. "अहो, खड्डा आहे तिथेच आहे!"

"मग आभार कशाला मानलेत?"

"आगाऊ मानले होते!"

"तो शब्द आम्ही गाळला," सहायक आवाज खाली आणून म्हणाले. "साहेबांना आगाऊ म्हणता? नशीब समजा, आम्ही सांभाळून घेतलं."

सवयीने मास्तर त्यांचेही आभार मानून परतले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद मागितला. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. 'खड्डे बुजवल्याबद्दल रविवारी दहा वाजता आमच्या फाटकात आपला जाहीर सत्कार. फोटोवाले येणार आहेत.'

शनिवारी सकाळीच डांबराची गाडी आली. फलक निघाला, तिन्ही खड्डे बुजले, वर रोलरही फिरला. रविवारी काठी टेकत बाई स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत गेल्या आणि साहेबांच्या हाती पुष्पगुच्छ दिला. बाईंना चालताना बघून मास्तरांचा सगळा राग निवळला. अर्ज मात्र आपलाच सरस होता, असं त्यांना अजूनही वाटत होतं.

सोमवारी शेजारी दारात हजर.

"काकू, नळाला पाणी आल्याबद्दल आभाराचं पत्र हवं होतं."

"आलं का पाणी?" मास्तरांनी विचारलं.

"छे हो, थेंब नाही! म्हणून तर आलोय."

बाईंनी मास्तरांपुढे पेन सरकवलं. "घ्या लिहायला. आणि या खेपेला आगाऊपणा नको."