पगारवाढीचा पंचनामा

उदगीरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या नगरपरिषदेवर यंदा एक आपत्ती कोसळली. कर्मचाऱ्यांची पगारवाढ मंजूर झाली. ती द्यायला तिजोरीत छदाम नव्हता. होता तो फक्त आकस्मिक निधी, एकेचाळीस लाख. पूर, आग, वादळ असलं काही आलं तरच त्याला हात लावायचा, असा नियम.

मुख्याधिकारी मृत्युंजयसाहेब नियमाचे लई पक्के. नियम मोडायचा नाही, म्हणून त्यांनी आपत्तीच शोधून काढली. लेखापाल अमरनाथनं टिप्पणी लिहिली : ‘पगारवाढ अचानक मंजूर झाल्याने उद्भवलेली परिस्थिती ही आपत्ती समजण्यात यावी.’ ही वाढ कर्मचारी नऊ वर्षांपासून मागून राहिले होते. पण मिळेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं, तेव्हा ‘अचानक’ अगदीच खोटं नव्हतं.

आपत्ती म्हटली की पंचनामा आलाच. त्याशिवाय आपल्याकडं मेलेली म्हैससुद्धा मेली असं धरत नाहीत. पथकं कर्मचाऱ्यांच्या घरोघर फिरली. बांधकाम विभागातल्या भुजंगरावांकडं नोंद झाली : ‘चौथा मजला अपूर्ण. अंशतः बाधित.’ अमरनाथची मोटार जुनी निघाली, तो पूर्णतः बाधित. झाडूवाला किशनराव पत्र्याच्या खोलीत राहतो. तिथं नुकसान होण्यासारखं काहीच सापडलं नाही, म्हणून तो अपात्र ठरला.

पंच म्हणून दोन नागरिक लागतात. परिषदेच्या दारातच माझं किराणा दुकान, शेजारी महानंदाची खानावळ. आम्ही दोघांनी मिळून एकशे बारा पंचनाम्यांवर सह्या ठोकल्या. वाचलं का म्हणाल, तर न्हाई. साहेबलोकांनी कागद पुढं केला की आपण सही करतो, उद्या आपलंही काम पडतं. एप्रिलात पैसे वाटून झाले.

जूनमध्ये खानावळीला आग लागली. छप्पर, भांडी, ज्वारीची पोती, लेक अक्षराच्या फीचे पैसे, सगळं राख झालं. नवरा गेल्यापासून बाईचं पोट त्या चुलीवर होतं. महिन्याभरात चूल पेटली नाही तर बांधलेली गिऱ्हाइकं दुसरीकडं जाणार. माझ्या जिवाला लई लागलं. तिला घेऊन परिषदेत गेलो.

अमरनाथनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मग अदबीनं म्हणाला, “ताई, तुमच्यावर आपत्ती आली हे खरं हाय. पण ती उशिरा आली. निधी आधीच्या बाधितांना वाटून झाला. पंच म्हणून तुमचीच सही हाय.”

“मग मी काय करू?”

“पुढच्या एप्रिलपर्यंत थांबा. अर्ज मात्र आजच द्या, मुदत सात दिवसांची असती.”

तरी परिषद हात बांधून बसली असं कुणी म्हणू नये. निधी रिकामा राहणं धोक्याचं, म्हणून तिनं घरपट्टीवर आपत्ती उपकर बसवला. महानंदालाही बिल आलं. खानावळ जळाली असली तरी रजिस्टरला उभी होती.

आठवडाभर गावानं परिषदेला शिव्या घातल्या. लुटून खाऊन राहिले, सगळे चोर, असं चहाच्या टपरीवर रोज ठरायचं. मीही घसा कोरडा केला. मोर्चाची तारीखसुद्धा काढली. नेमकी त्याच दिवशी परिषदेनं चौदा जागांची जाहिरात दिली, नव्या पगारासकट.

मोर्चाला चौघं आले. नोकरीचा अर्ज भरायला नेट कॅफेसमोर मात्र रांग बसस्टँडपर्यंत गेली. त्यात महानंदा, अक्षराची गुणपत्रिका पदराखाली धरून. मी म्हणालो, ज्यांनी तुला हाकललं त्यांच्यातच पोरीला धाडतीस व्हय?

“आप्पा,” ती म्हणाली, “आग कुणालाबी लागती. बाधित व्हायचं तर आतल्या बाजूनं व्हावं.”

मी तिच्यापुढंच उभा होतो, नातवाची कागदपत्रं घेऊन. माझ्यापुढं तुम्ही होता. खानावळीचं कळल्यावर तुम्ही मागं वळलात, ‘लई वाईट झालं’ म्हणालात, आणि रांगेतली जागा काही सोडली नाहीत.