एकाच कुत्र्याची साथ

"डॉक्टर प्रासितना सोडायचं?" बुआखामनं हातातला झारा आदळला. "अरे इन्था, रोज दुपारी माझ्या दुकानात बसून नूडल्स खातात ते. कुठल्या तोंडानं वाढू त्यांना?"

"सोडू नकोस गं. नुसतं दुसऱ्या कुणाला तरी दाखवून आण," नवरा म्हणाला.

त्यांचा कुत्रा खानुन दोघांच्या मध्ये आडवा पडला होता. चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. पाणी प्यायला की ओकायचा. प्रासित म्हणाले होते, यकृत. सरबतासारखं औषध दिलं होतं. गुण शून्य.

थायलंडातल्या या लाम्पांगमध्ये माणूस एक वेळ उपाशी राहील, पण भीड मोडणार नाही. त्यात गावात जनावरांचे डॉक्टर तीनच, आणि तिघं एकमेकांचे स्नेही. म्हणून घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या डॉक्टर नापातकडे बुआखामनं कुत्र्याचं नाव सांगितलं लूकचिन आणि स्वतःचं नाव म्हणून बहिणीचं. नापात म्हणाली, "गोचिडांचा ताप. आधी काही औषध चालू होतं का, मावशी?"

"छे हो, कसलं औषध!"

गोळ्या आल्या. पण सरबत बंद कसं करायचं? प्रासित रोज पहिल्या घासाला विचारायचे, "दिलंत ना औषध?" खोटं बोलवत नव्हतं, म्हणून बुआखाम दोन्ही देत होती.

आठवड्यानं खानुनच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मग नदीकाठचे डॉक्टर आदिरेक. इथं कुत्रा बुनमी, आणि मालकीण म्हणून वारलेल्या सासूचं नाव. "मूत्रपिंड," आदिरेक म्हणाले आणि पुड्या दिल्या. खानुनच्या पोटात आता तीन निदानं एकाच वेळी गुण्यागोविंदानं नांदत होती. एक अन्न तेवढं नव्हतं.

मंगळवारी दुपारी प्रासित धावतपळतच दुकानात शिरले. मागे नापात, तिच्यामागे आदिरेक. बुआखामनं झटकन पातेल्याच्या वाफेआड तोंड लपवलं.

"मावशी, तीन नूडल्स, लवकर! गावात साथ आलीय!"

"साथ?"

"तीन कुत्रे! तिघंही भुरे, तिघांचाही डावा कान फाटलेला, तिघांचीही उलटी थांबत नाही. आज सकाळी बोलता बोलता कळलं. सरकारी खात्याला कळवायला हवं. गल्ल्या बंद कराव्या लागतील!"

तेवढ्यात टेबलाखालून खानुन लटपटत बाहेर आला आणि ओळखीच्या वासांना शेपूट हलवू लागला.

"खानुन!" प्रासित म्हणाले.

"लूकचिन!" नापात म्हणाली.

"बुनमी?" आदिरेक म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.



"यकृतच म्हणत होतात ना सर? बरोबरच असणार," नापातनं हळूच सुरुवात केली.

"नाही नाही, गोचिडांचं तुम्ही अचूक ओळखलंत."

"मी आपलं मूत्रपिंड म्हटलं, पण तुमच्यापुढे मी काय बोलणार?"

पाच मिनिटं तिघं एकमेकांना निदान वाढत राहिले आणि घेईना कुणीच. खानुननं जमिनीवर डोकं टेकलं. बुआखामचा बांध फुटला. "मी तिघांना फसवलं, मला शिव्या घाला! पण एकमेकांची भीड धरून माझ्या कुत्र्याला मारू नका!"

प्रासित खाली बसले आणि त्यांनी खानुनचं तोंड उघडलं. "तीन औषधं एकत्र दिल्यावर उलटी होणारच. सगळी बंद. पण जीभ हिरवी का?"

"माझ्या गोळ्यांनी नाही होत," नापात म्हणाली.

"पुड्यांनीही नाही."

आत इन्थानं भांडं घासायचं थांबवलं. "देवळातल्या भिक्खूंचा काढा," तो आतूनच म्हणाला. "रोज पहाटे पाजतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

बुआखामनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा भांडं घासू लागला.

सगळं बंद झालं. तिसऱ्या दिवशी खानुननं वाटीभर भात-कोंबडी फस्त केली आणि वाटीसकट गल्लीभर पळाला. मूळ आजार कोणता होता, हे अजून कुणालाही ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी तिघांचेही फोन आले, वेगवेगळे आणि हळू आवाजात. "मावशी, खरं सांगा, कुणाच्या औषधानं?"

"तुमच्याच," बुआखामनं तिघांनाही सांगितलं.

भिक्खूंशी खोटं बोलायचं पाप मात्र नको, म्हणून देवळात तेच सांगायला तिनं इन्थाला पाठवलं.