चहा न पिता आलेला निरोप

मी एकदा ठरवलं की ठरवलं. बायको याला हट्ट म्हणते, पण तिचं सोडा. बोंडअळीच्या वर्षी मी ठरवलं, आमच्या पीक-पाहणी केंद्रात ई-मेल बंद!

कारणही तसंच होतं. शेतात बोंडाबोंडात अळी आणि ऑफिसात मेलवर मेल. आमच्या संघदीपनं एका गावचा आकडा पाठवला की बाकीचे पाच सहायक 'माहिती मिळाली' म्हणून सगळ्यांना कळवणार, मग मिळाल्याचं कळलं म्हणून पुन्हा सगळ्यांना. एका दिवशी मी एकशे चौदा मेल वाचले आणि कपाशीचं एक झाड पाहिलं नाही. सोमवारी फर्मान काढलं: मेल नाही, फोनही नाही. शिपाई उकंडा तोंडी निरोप नेईल, माणसानं माणसाशी बोलावं. यवतमाळच्या मुख्य ऑफिसलाही मी छाती फुगवून हे कळवलं. मेलनंच कळवलं, पण तो शेवटचा.

मंगळवारी पाचपर्यंत अकरा गावांच्या नुकसानीची यादी यवतमाळला जायची होती. नाही गेली तर ती गावं मदतीतून बाद, आणि मला त्या रस्त्यानं तोंड दाखवायची सोय नाही. पंचनाम्याचे कागद गावोगाव राहणाऱ्या सहाही सहायकांकडे होते. मंगळवारी सकाळीच मी उकंडाला मोटारसायकल दिली आणि दम भरला. कारण उकंडा ज्या दारात जाईल तिथं चहा, चहासोबत गप्पा, आणि गप्पा रंगल्या की दुसरा चहा. त्याला बजावलं, कुठं बसायचं नाही, घोटभर पाणीही घ्यायचं नाही, चप्पल काढायची नाही. दारातूनच सांगायचं, साहेबांकडे चला, लगेच. जास्त बोलायचं नाही. बिचारा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून निघाला.

कागद आणायला सांगायचं राहिलं, पण यादीचा दिवस सगळ्यांना ठाऊक होता.

मग मी बसलो. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. मोबाइल बंद करून खणात टाकला होता, तरी हात खणाकडे जाई. तिथून काढला की माऊसकडे. उठलो, खिडकीत गेलो, परत आलो, पंखा वाढवला, कमी केला. आमची ऑपरेटर दीपा म्हणाली की साहेब, तुम्ही बाहेर फिरून या, मला गरगरतंय. मी मागच्या अंगणात येरझारा घालत राहिलो.

दोन वाजता पुढून गाडीचा आवाज आला. धावत गेलो. सहाही सहायक उतरत होते, कोणीच कोणाशी बोलत नव्हतं. संघदीप पांढऱ्या शर्टात, हातात हार. रामलालनं तर नंतर धावपळ नको म्हणून येतानाच दोन हिरवे बांबू तोडून आणले होते. मला पाहून त्याच्या हातातले बांबू खाली पडले.

आणि मला घाम फुटला. आमच्याकडे मयतीचा निरोप्या घरात बसत नाही, पाणी घेत नाही. काय झालं ते धड सांगतही नाही. दारातूनच चला म्हणतो आणि पुढच्या दाराला लागतो. सारा जन्म इथं गेला माझा, आणि उकंडाला मी तेच शिकवून पाठवलं होतं!

"अरे, फोन तरी करायचा," मी म्हटलं.

"केला नं सायेब," संघदीप डोळे पुसत म्हणाला. "तुमचा फोन बंद. मंग तं पक्कंच वाटलं."

"पंचनामे कुठं आहेत?"

"मयतीले पंचनामे कोन आनते, सायेब?"

तेही खरंच. आता परत जाऊन कागद आणून यादी करायची म्हणजे रात्र झाली असती. अकरा गावं माझ्या हट्टापायी बुडाली. मी पायरीवर बसलो. खरंच रडू आलं. मग संघदीपनं हळूच सांगितलं की निघताना त्यानं मोबाइलवरून यवतमाळला कळवलं होतं. मेलनं. मी दीपाला कॉम्प्युटर उघडायला लावला. उत्तर आलेलं होतं: आपल्या केंद्रप्रमुखांच्या दुःखद निधनामुळे यादीस गुरुवारपर्यंत मुदतवाढ.

दीपानं कीबोर्डवर बोटं ठेवली.

"सायेब, तुमी जित्ते आहा म्हून कळवू का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी अकरा गावांचा विचार केला.

"आपल्या ऑफिसात मेल बंद आहे," मी म्हटलं.

दोन दिवस मी मागच्या गोदामात बियाण्याच्या पोत्यांवर बसून पंचनामे तपासले. उकंडा चहा आणून द्यायचा, स्वतःही प्यायचा. गुरुवारी दुपारी यादी वेळेत गेली, एकही गाव सुटलं नाही. संध्याकाळी यवतमाळहून मेल आला.

यादी स्वीकारली होती. फक्त खाली एक ओळ होती: मयत अधिकाऱ्यांनी यादीवर सही कधी केली, याचा खुलासा स्वतः त्यांनीच ई-मेलने करावा.