तात्यांच्या बॅटरीचं दुखणं

सावळेरामतात्या रोज सकाळी मोटारसायकलची बॅटरी घोंगडीत गुंडाळून, काखेत धरून आमच्या दुकानात आणायचे. मोटारसायकल घरी छपराखाली उभी आणि तात्या पायी. बाकावर घोंगडी उलगडायची, बॅटरी माझ्यापुढं सरकवायची आणि काळजीच्या सुरात विचारायचं, "बघा बरं भाऊ, काय दुखतंय हिचं."

निमगाव सावाच्या स्टँडसमोर माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, लाईट गेल्यावर टीव्हीला जोडायच्या, सगळ्या बॅटऱ्या यायच्या. पण रोजच्या रोज येणारं गिऱ्हाईक हे एकच. आता मोटारसायकलची बॅटरी गाडी चालली की आपोआप चार्ज होते, हे शेंबडं पोरगंही सांगेल. तात्यांची गाडी चालायची कमी आणि बॅटरी उतरायची रोज. मी वायरिंग तपासलं, हॉर्न तपासला, दिवे तपासले. कुठं काही सापडेना. वैतागून विचारलं की एकच उत्तर, "मुकं जनावर हाय राव. बोलून दाखवंल का?"

जनावर म्हणायला कारण होतं. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. थोरला भाऊ दगडूदादा अजून कळप घेऊन शिवारात फिरायचा. तात्यांनी मात्र आपल्या वाटणीची मेंढरं विकून ही मोटारसायकल घेतली, आणि त्या दिवसापासून दादा त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसता अबोला. तात्यांच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. दादाच्या वाड्यावरून, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावरून, कुणी आलं की त्याला बोलावून चहा पाजायचे आणि सहज विचारल्यासारखं करायचे, "माजं काय इचारलं का दादानं?" लोक चहा प्यायचे आणि नाही म्हणायचे. एकानंही कधी खोटं बोलून बिचाऱ्याचं मन राखलं नाही.

एकदा बॅटरी आणली ती पिवळीधमक. मला वाटलं, हळदीकुंकवाला बसवली होती की काय! तर टर्मिनलवर पांढरं फुललं होतं, त्याला तात्यांनी खरूज ठरवलं आणि मेंढराला लावतात तसं करंजाचं तेल अन् हळद चोपडली. मी गरम पाण्यानं ते सगळं खरवडून काढलं आणि तोंड दुखेपर्यंत समजावलं, की अहो, ही खरूज नाही, ॲसिडनं असं होतं. धुवायचं, पुसायचं आणि वरून थोडं ग्रीस लावायचं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंजी त्येलच की."

चार्जिंगला लावली की तिच्या उशाशी बसून राहायचे. वर बिडी पेटवायचे. बॅटरीतून गॅस निघतो, ठिणगी पडली तर दुकानासकट उडू, असं ओरडलो की बिडी कानावर ठेवायचे आणि बॅटरीकडं बघून म्हणायचे, "तुला चालत न्हाई व्हय? बरं." गाडीवर बॅटरी आवळायचा रबरी पट्टा तुटला, तर नवा घेतील कशाला? लोकरीचा दोर वळला आणि मेंढा बांधायची गाठ मारली. ती गाठ मला पक्कड घेऊनही सुटली नाही. तात्यांनी एक टोक ओढलं की आपली उघडली. एवढा मात्र गुण होता, की मी सांगितलेलं 'काढताना काळी वायर आधी, लावताना लाल आधी' हे ते रस्त्यानं पुटपुटत जायचे. समोरून येणाऱ्याला वाटायचं, म्हातारा जप करतोय.

एका वर्षी कांदा लावायच्या आधी मी दगडूदादाला माझ्या शेतात मेंढरं बसवायला बोलावलं. चार दिवस कळप बसला की रानाला खत मिळतं, बदल्यात आपण धान्य द्यायचं. तेव्हा आमच्याकडं उसातले बिबटे फार माजले होते. दादाची कोकरं गेली होती, राखणीचा कुत्राही नेला होता. दिवस मावळताना मी बाजरी घेऊन रानात गेलो, तर मेंढरं कोंडलेल्या जाळीच्या कडेला काठीवर एक बारका बल्ब पेटलेला. खाली ती घोंगडी. घोंगडीतून निघालेली एक लाल वायर, एक काळी. आणि लांब, पलीकडच्या बांधावर, पाठ करून बसलेले आमचे तात्या. दादाही चुलीपाशी पाठ करूनच बसला होता.

दादाची बायको, म्हणजे वहिनी, भाकरी थापत हळूच म्हणाल्या, की कुत्रा गेला तेव्हापासून भावजी रोज येतात, बत्ती लावतात, सकाळी सोडून नेतात. बोलावलं कुणी? कुणीच नाही. आणि दादा? दादा बोलत नाही, पण रात्रभर बत्तीला कुणाला हातही लावू देत नाही.

मी तरातरा बांधावर गेलो. म्हटलं, मला आधी सांगायला काय झालं होतं? रोज वायरिंग तपासतोय मी!

तात्या म्हणाले, "सांगायचं काय त्यात? पयल्या दिशी वाटलं, दादा लाथ मारून उडवतोय. न्हाई उडवली. मंग एक दिस बोलंल बी."

"तुम्हीच बोला की मग."

"धाकटा हाय मी. मेंढरं बी मीच इकली. त्यानं तोंड उघडल्याबिगर मी कुटल्या तोंडानं बोलू?"

मला राग आला, दोघांचाही. पावलं मोजली तर हाकेच्याही अलीकडचं अंतर. पण मध्ये पडून दादाला चार शब्द सुनवावेत, तर तात्यांनी हात धरला. मग काय, मी बॅटरी चांगली चार्ज करून देत राहिलो. माझ्या हातात तेवढंच होतं.

पुढं दादाचे गुडघे गेले. कळप विकला आणि चाकणला कारखान्यात असलेला मुलगा दादा-वहिनींना घेऊन गेला. जाताना एसटीत बसेपर्यंत दादा बोलला नाही. तात्यांची बॅटरी उतरायची बंद झाली, तरी ते सकाळी मोकळ्या हातानं येऊन बाकावर बसायचे. चाकणकडून आलेल्याला चहा पाजायचे.

काही वर्षांनी पुतण्याचा निरोप आला, की दादांना आता माणसं ओळखू येत नाहीत, भेटून जा. तात्यांनी बॅटरी लावली, गाठ मारली आणि गाडीवर गेले. दुसऱ्या दिवशी परत आले ते सरळ दुकानात.

"बोलले का दादा?" मी विचारलं.

"लई बोलला." तात्या बाकावर टेकले. "मला पावणं म्हनला. म्हनला, पावणं, निमगावात माजा धाकटा भाऊ हाय. वाघाच्या भ्यानं रोज माज्या वाड्यावर बत्ती लावायचा आन् बांधावर उपाशी बसायचा. त्याला भाकर खायाला हाक मारायची व्हती, ऱ्हाऊन गेलं."

मी म्हटलं, "अहो, मग सांगायचं ना, तो मीच म्हणून!"

"सांगितलं की. दोनदा सांगितलं. नुसता हसला." तात्यांनी डोळे पुसले. "मंग म्हनला, तुमी तिकडचंच हायसा, तर भेटला की त्याला तेवढं सांगा."

"मग?"

"म्हनलं, सांगतो."