पस्तीस तारखेची रजा

मुख्यालयाकडे जाणारी प्रत्येक फाईल यापुढे देवाणघेवाण प्रणालीतूनच जावी, असा आदेश निघाला, तेव्हा कार्यालयातल्या प्रोग्रामरला आपलं काम हलकं होणार असं वाटलं. प्रणालीत फाईल पाठवायला एक बटण होतं आणि आलेली घ्यायला दुसरं. साहेबांनी दोन्ही बटणांकडे पाहून नाक मुरडलं.

"हे सगळ्या जगासाठी आहे हो. आपल्या गरजा वेगळ्या आहेत. आपली स्वतःची स्क्रिप्ट हवी."

वेगळ्या गरजा कोणत्या, हे शोधायला समिती बसली आणि तीन बैठकांनंतर तिला सतरा गरजा सापडल्या. त्यानुसार संगणकाने आपोआप पाळायच्या सूचना एकामागोमाग मांडून प्रोग्रामरने पाठवायची स्क्रिप्ट लिहिली. ती फाईलचं नाव, तारीख, पानं असं सगळं तपासायची आणि एक जरी अट चुकली, तरी फाईल जागची हलू द्यायची नाही. मुख्यालयातल्या प्रोग्रामरबाईंनी घ्यायची स्क्रिप्ट लिहिली. फाईल पोचली, की तिकडून 'प्राप्त' अशी पोच यायची.

रोजच्या दीडशे पोचा उघडायचा साहेबांना कंटाळा येऊ लागला, म्हणून पोचेवर 'पाहिले' असा शेरा मारायचं कामही स्क्रिप्टकडे गेलं. हे कळल्यावर मुख्यालयातले मोठे साहेब कशाला मागे राहतील? त्यांची स्क्रिप्ट आधी 'वाचले' म्हणू लागली, मग 'सहमत', मग 'योग्य ती कार्यवाही सुरू आहे'. वर्षभरात चाळीस हजार फायली गेल्या-आल्या आणि एकाही बाबतीत मतभेद झाला नाही. एकदा चुकून कोरी फाईल गेली. तिच्यावर 'मांडणी मुद्देसूद, सहमत' असा शेरा आला. या तत्परतेबद्दल दोन्ही साहेबांना प्रशस्तिपत्रं मिळाली. ती प्रणालीतूनच आल्यामुळे अजून कोणी पाहिलेली नाहीत.

अशा सुरळीत कारभारात प्रोग्रामरला एक दिवसाची रजा हवी होती. त्याचे वडील चार तासांवरच्या गावी एकटे राहत. शुक्रवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि 'मी येतो, बाबा' असं त्याने फोनवर तोंड भरून सांगितलं होतं. सोमवारी त्याने अर्ज पाठवला. अर्ध्या मिनिटात तो प्राप्त झाला, वाचला गेला आणि मुख्यालय सहमतही झालं.

"साहेब, सहमत आलंय. जाऊ ना शुक्रवारी?"

"सहमती यंत्र देतं," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "मंजुरी माणूस देतो. मंजुरी कुठाय?"

मंगळवारी त्याने प्रोग्रामरबाईंना फोन लावला.

"माणूस?" बाई विचारात पडल्या. "आमच्याकडे माणसं फक्त त्रुटींचा फोल्डर उघडतात. त्यात काही पडलं की घंटा वाजते ना, मग उघडावाच लागतो. तुमचा अर्ज बिनचूक असेल, तर तो कोण कशाला वाचेल?"

म्हणजे अर्जात चूक हवी होती. पण चूक असलेली फाईल त्याची स्वतःची स्क्रिप्ट दारातूनच परत पाठवायची. मंगळवारचा अख्खा दिवस खपून त्याने त्या स्क्रिप्टला गुंगारा देणारी दुसरी स्क्रिप्ट लिहिली आणि बुधवारी सकाळी अर्ज पाठवला. रजेची तारीख टाकली होती पस्तीस. दहा मिनिटांत फोन आला. पलीकडे चक्क माणूस होता.

"अहो, पस्तीस तारीख कुठून काढलीत? बाकी अर्ज वाचला मी. वडिलांचा डोळा म्हणजे जायलाच हवं. केली मंजूर."

"शुक्रवारची ना?"

"अर्जात आहे त्याच दिवसाची. पस्तीस. शुक्रवारची हवी तर दुरुस्त अर्ज पाठवा."

दुरुस्त अर्ज बिनचूक होता. मुख्यालय लगेच सहमत झालं.

गुरुवारी दुपारी तो डोकं धरून बसला असताना त्याचा फोन घंटेसारखा वाजला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. तीन महिन्यांपूर्वी त्याने घरच्यासाठीही एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. वडिलांच्या मेसेजमध्ये 'जेवलास का' असेल, तर 'हो बाबा, तुम्ही?' आणि दुसरं काहीही असेल, तर 'बरं बाबा' असं उत्तर आपोआप जायचं. आज मात्र वडिलांचा कोरा मेसेज आला होता आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे न कळून स्क्रिप्टने फोनच वाजवला होता. ऑफिसच्या स्क्रिप्टमध्ये कोऱ्या फाईलचीही सोय होती. घरच्या कामात त्याने एवढे कष्ट घेतले नव्हते.

त्याने मेसेज उघडला आणि वरचे वाचले.

'ऑपरेशन शुक्रवारी नाही, बुधवारी ठरलं.' बरं बाबा.

'शेजारच्या काकांना घेऊन जातो. तू धावपळ करू नकोस.' बरं बाबा.

'झालं. पट्टी आहे. काका टाइप करतायत. जेवलास का?' हो बाबा, तुम्ही?

'घराला आग लागली आहे.' बरं बाबा.

त्याने लगेच फोन लावला.

"बाबा! आग?"

"कसली आग? चाचणी होती ती." वडिलांचा आवाज नेहमीसारखाच होता. "तीस वर्षं आवक-जावक सांभाळली मी. न वाचता दिलेली पोच मला कळते. सगळं लिहून झालं, म्हटलं आता काहीच न लिहून बघू."

"बाबा, मी रजेसाठीच—"

"असू दे रे. पट्टी माझ्या डोळ्यावर आहे आणि वाचत तू नाहीस, एवढंच."

प्रोग्रामरने बॅग उचलली आणि रजेशिवाय चालता झाला. साहेबांना अजून पत्ता नाही, कारण हजेरीची स्क्रिप्टही त्यानेच लिहिलेली आहे.

तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे या मजकुरात कुठेतरी त्रुटी राहिली असणार. ती दुरुस्त होईपर्यंत जरा फोन बघा. सकाळी घरून आलेल्या लांबलचक मेसेजला तुमचा अंगठा गेलेला आहे.