शेवाळे बाईंचा ळ

आमच्या उरवड्याच्या शाळेत शेवाळे बाई पहिलीतल्या पोरांना 'अहो' म्हणतात आणि साहेबांना 'अरे'.

"अहो सार्थकराव, नाक पुसा." "अनन्याताई, पाटी लिहायला दिलीया, कुणाच्या डोक्यात घालायला न्हाई." हे सहा वर्षांच्या माणसांशी. आणि केंद्रप्रमुख तपासणीला आले की, "ये गणेश. चपला नीट काढ." हे केंद्रप्रमुख कधीकाळी त्यांच्याच पहिलीत होते. ते निमूट चपला नीट काढतात.

मी शेजारच्या वर्गात तिसरीला शिकवतो. मूळचा परभणीचा, राहायला सूसला, रोज गाडीवर येऊन-जाऊन. नवीन होतो तेव्हा बाईंना विचारलं होतं, पोरांना अहो कशाला?

"मोठी झाल्यावर ह्यांना कोण अहो म्हणणार? ठेकेदार? मग आत्ताच म्हणून घ्यावं."

"आणि मला अरे?"

"तुला पगार हाय की."

बाईंच्या वर्गात निम्मी पोरं गावातली आणि निम्मी कारखान्यात कामाला आलेल्यांची. दुसऱ्या निम्म्यांच्या घरी हिंदी. त्यातलीच एक रेश्मा. चुणचुणीत, मराठी भरभर बोलायची, पण 'ळ' आला की तिची जीभ सरळ 'ल'वर जाऊन बसायची. "शेवाले बाई, वेल झाली, घंटा द्या." गावातली पोरं खिदळायची. मग रेश्मा दिवसभर तोंड उघडायची नाही.

त्या सोमवारी रेश्माचा बाप तिला सायकलवरून सोडायला आला आणि फाटकापाशी बाईंशी काहीतरी बोलला. बाई नुसत्या मान हलवत होत्या. तो गेला तशा त्या वर्गात आल्या, फळ्यावर परातीएवढा ळ काढला आणि म्हणाल्या, "आज फकस्त ह्यो. दुसरं काय न्हाई."

मला वाटलं, आडनाव बिघडतंय म्हणून बाई पेटल्या असतील.

आमच्या दोन वर्गांत पातळ भिंत आहे. पलीकडून सुरू झालं, "बाळ! काळा! डोळा!" थोड्या वेळानं माझी तिसरीही तालावर ओरडायला लागली. मधेच रेश्माचा बारीक आवाज यायचा, "बाल. काला. डोला." बाईंनी आरसा आणला. जीभ वळवून दाखवली. टाळूला बोट लावून दाखवलं. काही केल्या ळ येईना.

"ऱ्हाऊ द्या बाई," मी दारातून म्हणालो, "उद्या जमेल."

"तू तुझे पाढे बघ."

मग त्या स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या आणि मावशींकडून गुळाचा खडा घेऊन आल्या. त्याचा मुगाच्या दाण्याएवढा कण रेश्माच्या टाळूला वर चिकटवला. "रेश्माताई, आता जिभेचं टोक मागं वळवा आन त्यो गूळ चाटा. हां. आता तितनंच जीभ खाली आपटा आन म्हणा, गूळ."

"गूल."

"परत."

गूळ दिसल्याबरोबर वर्गात साथ आली. जन्मापासून ळ म्हणणाऱ्या सार्थकचा ळ एकाएकी गेला. "बाई, मला पन न्हाई येत! गूल! गूल!" अनन्या म्हणाली, तिचा तर कालपासूनच गेलाय. बाईंनी सगळ्यांच्या टाळूला गूळ लावला. तेवढ्यात केंद्रप्रमुख आले. त्यांना कसलीशी माहिती आजच्या आज ऑनलाइन भरून हवी होती.

"गणेश, बस खाली. आ कर."

"बाई, मला ळ येतो."

"मग गप बस. आधी ळ, मग तुझी माहिती."

केंद्रप्रमुख अर्धा तास पोरांच्यात सतरंजीवर मांडी घालून बसले. जाताना गूळ मात्र मागून खाल्ला.

खिचडीच्या सुट्टीत बाई आणि रेश्मा एकमेकींसमोर बसून जेवल्या. एक घास, एक ळ. दुपारी ऊन खिडकीतून आत सरकलं, पोरं पेंगायला लागली, रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी ते पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "रडा. पण रडत रडत म्हणा."

साडेतीनच्या सुमाराला पलीकडे एकदम शांतता झाली. मग रेश्माचा आवाज आला, सावकाश, एकेक अक्षर तोडून, "शा... ळा."

मी खडू टाकून धावलो. बाई खाली बसल्या होत्या. "परत," त्या म्हणाल्या. "शाळा! शाळा! शाळा!" गावातली पोरं तिला टाळ्या देत होती, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता सार्थक.

शाळा सुटली. रेश्मा बापाच्या सायकलवर बसून गेली. वळणापलीकडे सायकल दिसेनाशी झाली तरी बाई फाटकाला धरून उभ्याच.

"उद्या वर्गात नुसती बडबड करेल बघा," मी म्हणालो.

"उद्या न्हाई येणार ती. काम सुटलं बापाचं. आज गावाकडं निघालेत, गोरखपूरला. सकाळी सांगून गेला."

"पण बाई, तिकडं तर ळ कुणी म्हणतच नाही. तिला काय उपयोग?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पहिलीत बसलोय.

"लेक घरातनं चालली तर रिकामी पाठवत्यात व्हय?"

वर्गाला कुलूप घालताना त्या माझ्याकडे न बघताच बोलल्या, "लई वर्सांमागं एक संगीता हुती. दगडखाणीवरची. अक्षरं शिकवत मी 'ट'पतुर आले हुते. दिवाळीची सुट्टी लागली, ती परत आलीच न्हाई. कुटं गेली, कुणाला ठाव न्हाई. माझ्या डोळ्यांम्होरं ती पोर अजून 'ट'पाशीच उभी हाय."

मी गाडी तशीच ठेवली आणि त्यांच्याबरोबर बसच्या थांब्यापर्यंत चालत गेलो.